उपग्रहावर बोलायच्या आधी कान तयार करा

प्रश्न अंबाजोगाईच्या एका नव्या हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचालकाचा, आहे. थोडक्यात असा: "परवाना मिळून काही महिने झाले. गच्चीवर स्टीलच्या मोजपट्टीची यागी (एका दिशेला रोखायची अँटेना) आहे, १० मीटर आरजी-५८ केबल आहे आणि ५ वॅटचा हँडी (हातात धरायचा रेडिओ) आहे. एसओ-५० हा उपग्रह आणि अवकाश स्थानकाचा रिपीटर (आलेला आवाज पुन्हा प्रक्षेपित करणारा सेट), दोन्ही ऐकू येतात. पण मी हाक मारली की कोणी उत्तर देत नाही. म्हणून २५ वॅटचा मोबाइल सेट (गाडीत लावायचा रेडिओ) लावला, तर परवा एकाने भर पासमध्ये (उपग्रह आपल्या आकाशात असतो त्या काही मिनिटांत) ‘ऐकू येत नसेल तर पीटीटी सोडा’ असं सुनावलं. उपग्रहावर बोलायची रीत काय असते?"

सुनावणाऱ्याचा सूर कडक असेल, पण त्याचं म्हणणं खरं होतं. तुमच्या प्रश्नात अँटेना आहे, वॅट आहेत, केबलची लांबीसुद्धा आहे. एक गोष्ट मात्र कुठेच नाही. तुम्ही पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबून बोलत असता तेव्हा तुमचाच आवाज उपग्रहावरून फिरून तुमच्या कानात येतो का? एकाच हँडीवर काम करत असाल तर तो येणारच नाही, कारण प्रक्षेपण सुरू झालं की त्याचा रिसीव्हर बंद. मोबाइल सेटचंही बहुतेक वेळा तेच. म्हणजे जितका वेळ तुम्ही बोलता तितका वेळ तुम्ही ठार बहिरे. समोरून उत्तर येतंय, की दुसऱ्या कोणाच्या बोलण्यावर तुम्ही बोलताय, की तुम्ही उपग्रहापर्यंत पोचलाच नाही, यातलं काहीच कळत नाही. ५ चे २५ वॅट केल्याने यात काडीचा फरक पडत नाही. पडतो तो एवढाच, की तुम्ही आता बाकीच्यांना जास्त जोरात दाबता.

माझ्या मते उपग्रहावरची सगळी शिस्त या एका गोष्टीतून निघते: स्वतःचा आवाज वरून ऐकू येत नसेल तर बोलू नये. बाकीचे नियम पाठ केले नाहीत तरी चालतील, हे पाळलं की ते आपोआप कळत जातात.

का, ते आधी नीट समजून घ्या. एसओ-५० हा २० डिसेंबर २००२ ला सोडलेला छोटा उपग्रह. त्याचा ट्रान्समीटर साधारण पाव वॅटचा. त्यात एफएम रिपीटर आहे, आणि एफएम रिपीटरला एका क्षणी एकच माणूस पेलतो. तो नांदेडच्या डोक्यावर असतो तेव्हा श्रीलंकेपासून काश्मीरपर्यंत आणि आखातापासून म्यानमारपर्यंतच्या हॅमना तोच एक चॅनेल मिळालेला असतो, तोही दहा-बारा मिनिटांसाठी. एफएमचा स्वभाव असा, की दोन सिग्नल एकदम आले तर जोरकस सिग्नल दुसऱ्याला गिळून टाकतो. दुसरा थोडासुद्धा ऐकू येत नाही. दोन्ही साधारण सारखे असले तर नुसती किंचाळी ऐकू येते. तुमचे २५ वॅट आणि यागी यांच्यापुढे केरळातला कोणी साध्या हँडीवर बोलत असेल तर तो पुसलाच जातो, आणि आपण कोणाला पुसलं हे तुम्हाला कधी कळतही नाही. जगभरच्या हॅम मंडळींत अशा स्टेशनला मगर म्हणतात, तोंड मोठं आणि कान नाहीत म्हणून.

तर आता कानांचं बघू. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे दोन हँडी. एक फक्त ऐकायला, ७० सेंटीमीटरच्या पट्ट्यावर (४३५ मेगाहर्ट्झच्या आसपास), इअरफोन लावून. दुसरा फक्त बोलायला, दोन मीटरवर (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपास). इअरफोन हवाच, नाहीतर स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरून वरून गोल गोल फिरायला लागतो. दुसरा हँडी नसेल तर यूएसबीला लावायचा आरटीएल-एसडीआर डोंगल आणि जुना लॅपटॉप घ्या, ऐकण्यापुरतं तेही चालतं. फक्त त्यात आवाज थोडा उशिरा येतो आणि स्वतःचा उशिरा आलेला आवाज ऐकत बोलताना जीभ अडखळते, त्याची सवय करावी लागते.

दोन हँडी जोडल्यावर पहिल्याच पासला एक गोष्ट दिसेल. पीटीटी दाबलं की ऐकणारा हँडी दबून जातो, उपग्रह गायब. घाबरू नका, हे जवळपास सगळ्यांचं होतं. गणित करून बघा. अवकाश स्थानकाचा अपलिंक (आपण वर बोलतो ती फ्रिक्वेन्सी; ऐकतो ती डाउनलिंक) १४५.९९० मेगाहर्ट्झ, त्याची तिप्पट ४३७.९७०. डाउनलिंक ४३७.८००. म्हणजे तुमच्या ट्रान्समीटरचा तिसरा हार्मोनिक (तिप्पट फ्रिक्वेन्सीवरचा नको असलेला सिग्नल) ऐकायच्या फ्रिक्वेन्सीच्या अगदी दाराशी येऊन पडतो. स्वस्त हँडीचे फिल्टर तसेही यथातथाच, त्यामुळे हा कचरा भरपूर असतो. उपाय तीन. पॉवर कमी करा: यागी हातात असेल तर हँडीच्या लो पॉवरवरही शांत पासमध्ये एसओ-५० मिळतो, आणि पॉवर उतरवली की दबणंही उतरतं. दोन मीटर आणि ७० सेंटीमीटरचे एलिमेंट (यागीच्या दांड्यावरच्या आडव्या पट्ट्या) एकमेकांना काटकोनात बसवा. तरीही भागलं नाही तर मध्ये डायप्लेक्सर (दोन पट्टे वेगळे करणारा फिल्टर) टाका. मी हे याच क्रमाने करायला सांगतो, कारण पहिल्या दोन गोष्टींना पैसे लागत नाहीत.

तुमच्या केबलबद्दल. आरजी-५८ ची १० मीटर केबल ४३५ मेगाहर्ट्झला निम्म्याहून जास्त सिग्नल वाटेतच खाते. उपग्रहासाठी गच्चीवर अँटेना आणि खाली खोलीत सेट, हा थाट सुरुवातीला नको. गच्चीवर उभं राहा, यागी हातात धरा, हँडी कमरेला, केबल हातभर. यागीचा दांडा म्हणून ठिबकच्या किंवा नळाच्या दुकानात मिळणारा अर्ध्या इंची पीव्हीसी पाइप उत्तम. ठिबकचं दुकान मराठवाड्यात कुठल्याही तालुक्याला सापडेल. आणि हातात धरलेल्या यागीचा एक फायदा खांबावरच्या यागीला कधीच नसतो: ती मनगटाने फिरवता येते. उपग्रह वर गोल फिरत असतो, त्याच्या अँटेनाची दिशा सतत बदलते. एसओ-५० चा आवाज मध्येच खरखरत बुडायला लागला की बहुतेक जण यागी इकडेतिकडे हलवून उपग्रह शोधायला लागतात. तो तिथेच असतो. यागी त्याच दिशेला रोखून धरा आणि नुसतं मनगट वळवा, आडवे एलिमेंट उभे होईपर्यंत. कुठेतरी मध्येच खरखर सरते आणि आवाज लख्ख उघडतो. दर अर्ध्या-एक मिनिटाला हे परत करावं लागतं. दोन-चार पास नुसतं एवढंच करा, काहीही न बोलता.

स्क्वेल्च (सिग्नल कमजोर असताना रेडिओ गप्प ठेवणारी सोय) शून्यावर ठेवा. ही चूक नव्या माणसांत सर्रास दिसते. स्क्वेल्च लावलेला असला की उपग्रह क्षितिजावर उगवल्यावरची पहिली दोन मिनिटं हँडी गप्प राहतो. माणसाला वाटतं चॅनेल मोकळा आहे, आणि तो बोलायला लागतो.

डॉपलर हे नाव ऐकूनच लोक बिचकतात, एफएमला त्यात फारसं काही नाही. येणारा उपग्रह थोड्या वरच्या फ्रिक्वेन्सीवर ऐकू येतो, जाणारा खालच्या. ४३६-४३७ मेगाहर्ट्झला हा फरक वर-खाली साधारण ९-१० किलोहर्ट्झचा, १४५ ला त्याच्या एक तृतीयांश, जो एफएममध्ये खपून जातो. म्हणून एसओ-५० साठी हँडीत पाच मेमरी भरा: ऐकायला ४३६.८०५, ८००, ७९५, ७९०, ७८५ आणि बोलायला सगळीकडे १४५.८५०, टोन (बोलण्यासोबत जाणारा खालचा सूर, तो असेल तरच रिपीटर उघडतो) ६७ हर्ट्झ. पास सुरू झाला की पहिल्या मेमरीवर, मग जशी खरखर वाढेल तसं एकेक खाली उतरत जायचं.

एसओ-५० ची एक खोड माहीत असू द्या. त्याचा रिपीटर दहा मिनिटांच्या टायमरवर चालतो. टायमर संपला की तो गप्प. त्याला उठवायला ७४.४ हर्ट्झच्या टोनने दोन सेकंद कॅरियर (न बोलता नुसतं पीटीटी दाबून) द्यायचा, मग परत ६७ वर यायचं. मात्र आधी नीट ऐका. रिपीटर चालू असताना ७४.४ चा कॅरियर टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या बोलण्यात विनाकारण धोंडा. आणि भर पासमध्ये एकदम शांतता झाली तर लगेच पाच जणांनी पाच कॅरियर टाकू नयेत. एकाने उठवला की सगळ्यांचं काम होतं.

आता प्रत्यक्ष बोलण्याकडे. एफएम उपग्रहावर "सीक्यू सीक्यू सीक्यू सॅटेलाइट" अशी लांबलचक हाक मारायची नसते. ती हाक संपेपर्यंत दोघांचा आख्खा संपर्क होऊन गेला असता. रीत अशी: गॅप मिळाला की फक्त कॉलसाइन (परवान्यावर मिळालेलं रेडिओचं नाव) आणि ग्रिड (आपण नकाशावरच्या ज्या चौकोनात आहोत त्याचा क्रमांक).

"व्हीयू-थ्री अमुक, एमके-एट-एट."

समोरचा म्हणतो, "व्हीयू-थ्री अमुक, व्हीयू-टू तमुक, एमके-सेव्हन-नाइन."

तुम्ही म्हणता, "व्हीयू-टू तमुक, क्यूएसएल, सेव्हन्टी-थ्री."

झालं. क्यूएसएल म्हणजे मिळालं, सेव्हन्टी-थ्री म्हणजे शुभेच्छा. सगळं पंधरा सेकंदांच्या आत. नाव, गाव, सेट कोणता, अँटेना किती एलिमेंटची, आज अंबाजोगाईत ऊन किती, हे सगळं ४० मीटरच्या पट्ट्यावर किंवा फोनवर. "माझा रिपोर्ट काय?" हे तर विचारूच नका. समोरच्याला जे ऐकू येतं ती उपग्रहाच्या ट्रान्समीटरची ताकद असते, तुमची नाही. तुमचा सिग्नल वर कसा पोचतो हे तुम्हाला स्वतःच्या कानांनीच कळायचं, आणि कान लावले असतील तर विचारायची गरजही पडत नाही.

अंक आणि अक्षरं फोनेटिकमध्ये (अल्फा, ब्राव्हो अशी), एकदाच, सावकाश. घाईत पुटपुटलेला कॉलसाइन तीनदा परत विचारावा लागतो, आणि तेवढा वेळ सगळ्यांच्या पासातून वजा होतो. दोघांचं बोलणं चालू असेल तर ते संपेपर्यंत दम धरा. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं उपग्रहावर चालत नाही. एका पासात एक-दोन संपर्क झाले की पुरे, बाकी वेळ ऐका. तेच ते दोघे रोज भेटून एकमेकांची खुशाली विचारताना दिसतात, आणि त्याच पासात सिक्कीमचा किंवा अंदमानचा कोणीतरी एकदा तरी उत्तर मिळावं म्हणून धडपडत असतो. दुर्मीळ ठिकाणाहून बोलणारा, प्रवासात थांबून बोलणारा किंवा पहिल्यांदाच बोलणारा ऐकू आला की ओळखीच्यांनी गप्प बसावं. तुम्हीही सध्या याच शेवटच्या गटात आहात. एकदा म्हणून बघा, "पहिलाच उपग्रह संपर्क", लोक वाट करून देतात.

अवकाश स्थानकाच्या रिपीटरलाही हेच सगळं लागू: अपलिंक १४५.९९०, टोन ६७, डाउनलिंक ४३७.८००. सप्टेंबर २०२० पासून हा रिपीटर चालू आहे, आणि त्याचा सिग्नल इतका दणदणीत असतो की नुसत्या रबरी अँटेनावरही ऐकू येतो. त्यामुळेच तिथे गर्दी आणि गोंधळ सगळ्यात जास्त. शिकायला चांगला, बोलायला वाईट, असं मी म्हणेन. मात्र तिथे एक बंधन वेगळं आहे. अंतराळवीर शाळांशी बोलतात तेव्हा ते १४५.८०० वर ऐकू येतात. त्या वेळी नुसतं ऐकायचं. जुलै २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला स्थानकावर होते तेव्हा ते हॅम रेडिओवरून भारतातल्या विद्यार्थ्यांशी बोलले. अशा वेळी स्थानक आपल्या क्षितिजावर असेल तर इथे गच्चीवर उभं राहूनही त्यांचं बोलणं कानावर पडतं. कोणाला तरी मोह होतो, "एकदाच हाक मारून बघू." मारू नका. आणि १४५.८०० वर प्रक्षेपण कधीच करायचं नसतं, ती त्यांची बोलायची फ्रिक्वेन्सी आहे, आपली ऐकायची.

शाळेत प्रात्यक्षिक दाखवायचं असेल तर रविवारचा गर्दीचा पास घेऊ नका. मधल्या वारी, उंच पास निवडा, आणि समोरून उत्तर द्यायला एखाद्या ओळखीच्या हॅमला आधीच सांगून ठेवा. मुलांसमोर दहा मिनिटं नुसती खरखर झाली तर ती परत येत नाहीत. परवाना नसलेल्याच्या हातात पीटीटी देऊ नका, मूल कितीही हुशार असलं तरी. ऐकायला मात्र सगळ्यांना द्या, यागीसुद्धा त्यांच्याच हातात द्या. उपग्रह कुठे आहे हे मनगटाने शोधण्यात पोरं आपल्यापेक्षा तरबेज निघतात.

एफएमवर कान तयार झाले की लिनियर ट्रान्सपॉन्डरकडे, म्हणजे एका चॅनेलऐवजी आख्खा पट्टा परत पाठवणाऱ्या यंत्राकडे, या. खरी मजा तिथे आहे. एकाच वेळी पाच-सहा जोड्या बोलू शकतात, आणि आरएस-४४ सारख्या १२०० ते १५०० किलोमीटर उंचीच्या उपग्रहाचा पास वीस मिनिटांच्या आसपास चालतो. रशिया, आखात, आग्नेय आशिया हे सगळं आवाक्यात येतं. इथे एसएसबी (एफएमपेक्षा कमी जागा घेणारी बोलायची पद्धत) आणि मोर्स चालतं, एफएम अजिबात नाही. आणि इथे पॉवरची शिस्त एफएमपेक्षा कडक, कारण ट्रान्सपॉन्डरची ताकद सगळ्यांत वाटली जाते. उन्हाळ्यात पालिकेच्या नळाला एकाने थेट मोटर लावली की अख्ख्या गल्लीची धार बारीक होते, तसंच हे. एकाने जास्त पॉवर ओतली की उपग्रह स्वतःची संवेदनशीलता खाली ओढतो आणि बाकी सगळे बुडतात. मोटर लावणाऱ्याच्या घरी मात्र पाणी छान येतं, त्यामुळे त्याला काही वावगं झालंय असं वाटतच नाही.

मोजायचं कसं? उपग्रहाचा बीकन, म्हणजे तो स्वतः पाठवत असतो तो खुणेचा सिग्नल, ऐका. आरएस-४४ चा ४३५.६०५ वर असतो. तुमचा परत येणारा आवाज बीकनपेक्षा जोरात असता कामा नये, थोडा हळूच असावा. जास्त असेल तर पॉवर उतरवा. स्वतःचा आवाज जेमतेम येत असेल तर पॉवर चढवण्याआधी ऐकायची बाजू तपासा: केबल, जोड, प्रीअँप (येणारा सिग्नल वाढवणारी डबी). मला विचाराल तर लिनियरवर खर्च करायचाच तर तो प्रीअँपवर करा, अँप्लिफायरवर करू नका.

स्वतःला शोधायचं कसं, यावरही बरेच घोळ होतात. आरएस-४४ चा ट्रान्सपॉन्डर उलटा आहे: अपलिंक १४५.९३५ ते १४५.९९५, डाउनलिंक ४३५.६७० ते ४३५.६१०. अपलिंक वर नेलं की डाउनलिंक खाली जातं. म्हणून बोलताना एलएसबी, ऐकताना यूएसबी (एसएसबीची खालची आणि वरची बाजू; डोंगलची यूएसबी वेगळी). एक सोपी गोष्ट लक्षात ठेवा, दोन्हींची बेरीज कायम ५८१.६०५. ऐकायला ४३५.६४० मोकळं दिसलं तर ते बेरजेतून वजा करा, अपलिंक १४५.९६५. मग डॉपलरमुळे दोन-चार-सहा किलोहर्ट्झ इकडेतिकडे शोधायचं. हे शोधताना मोकळ्या जागेत "टेस्ट, टेस्ट" एवढं म्हणा किंवा मोर्सचे चार ठिपके टाका. काही जण शिट्टी वाजवत व्हीएफओ (फ्रिक्वेन्सी बदलायचं चाक) या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतात. त्यांची शिट्टी वाटेतल्या प्रत्येक संपर्कावरून घासत जाते. असं करणाऱ्याला सगळे ओळखून असतात, फक्त तोंडावर कोणी बोलत नाही.

संपर्क सुरू झाल्यावर दोघांनीही डॉपलरच्या मागे धावायचं नाही. एकाने अपलिंक हलवलं, ते जुळवायला दुसऱ्याने हलवलं, मग परत पहिल्याने, असं करत जोडी सरकत सरकत शेजारच्यांच्या अंगावर जाते. हाताने ट्यून करत असाल तर दोन्हींपैकी वरची फ्रिक्वेन्सी हलवायची, म्हणजे आरएस-४४ वर फक्त ऐकायची, आणि अपलिंक तसाच ठेवायचा. संगणकाने सेट चालवत असाल, जीप्रेडिक्ट किंवा सॅटपीसी३२ वापरून, तर दोन्ही बाजूंची दुरुस्ती तोच करतो. मग तुमचा हात व्हीएफओवर नको. पट्ट्याच्या खालच्या टोकाला मोर्स आणि वरच्या टोकाला एसएसबी, ही डाउनलिंकवरची प्रथाही पाळा.

जुन्या लोकांना लिनियरची गोडी लागली ती आपल्याच हॅमसॅटमुळे. ५ मे २००५ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६ ने कार्टोसॅट-१ सोबत तो गेला, व्हीओ-५२ हे त्याचं हॅम नाव. दोन ट्रान्सपॉन्डर होते, एक भारतीय आणि एक नेदरलँड्समधल्या हॅमने बनवलेला. ७० सेंटीमीटरवर बोला, दोन मीटरवर ऐका. ऐकणं इतकं सोपं होतं की घरी बनवलेल्या दोन एलिमेंटवरही भागायचं. जुलै २०१४ मध्ये बॅटरीने जीव सोडला. तेव्हा मराठवाड्यातून उपग्रहावर येणारे हॅम हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते, पण ती मंडळी एकमेकांना जागा द्यायला तिथेच शिकली.

एओ-७ बद्दल तुम्ही वाचलं असेल. १५ नोव्हेंबर १९७४ चा हा म्हातारा १९८१ मध्ये बॅटरी गेल्यामुळे मेला आणि २००२ मध्ये परत बोलायला लागला. बॅटरीतला शॉर्ट उघडल्यामुळे तो आता थेट सूर्यावर चालतो, सावलीत गेला की बंद. जरा जास्त पॉवर दिली की त्याचा आवाज थरथरायला लागतो, म्हणजे व्होल्टेज खाली बसतंय. अशा वेळी ताबडतोब हात आखडता घ्यायचा. मात्र आपल्याला आणखी एक अडचण आहे. त्याचा ७० सेंटीमीटरचा अपलिंक ४३२.१२५ ते ४३२.१७५ आहे, आणि भारतात आपल्याला या भागात मिळालेला पट्टा ४३४ ते ४३८ आहे. परदेशी व्हिडिओ बघून तिथे बोलायला जाऊ नका. तो उपग्रह ऐकायला मात्र मोकळा आहे.

हीच काळजी क्यूओ-१०० बाबत. २०१८ मध्ये सोडलेला हा भूस्थिर उपग्रह, २५.९ अंश पूर्वेला. मराठवाड्यातून पश्चिम-नैर्ऋत्येला, क्षितिजापासून साधारण ३० अंशांवर. दिवसरात्र जागेवरच, त्यामुळे पास नाही, धावपळ नाही. जुनी डीटीएच डिश, त्याचा एलएनबी आणि एसडीआर डोंगल एवढ्यावर तो १०४८९.५ ते १०४९० मेगाहर्ट्झला ऐकू येतो. बोलायला २.४ गिगाहर्ट्झ लागतो. तो आपल्या परवान्याच्या पट्ट्यांत आहे का हे आधी कागद काढून वाचा. तिथेही नियम तोच: बीकनपेक्षा जोरात नाही. जास्त जोरात गेलात तर तिथली यंत्रणा तुमच्याच सिग्नलवर भोंगा वाजवते. ही सोय प्रत्येक उपग्रहावर असती तर किती बरं झालं असतं.

आयओ-८६ हा इंडोनेशियाचा उपग्रह आपल्या पीएसएलव्हीने २८ सप्टेंबर २०१५ ला नेलेला. त्याची कक्षा विषुववृत्तालगत, कल फक्त ६ अंश, उंची साधारण ६५० किलोमीटर. त्यामुळे तो लातूरच्या आकाशातही दक्षिणेला १८ अंशांच्या वर चढत नाही, संभाजीनगरला आणखी खाली. मात्र दिवसातून कितीतरी वेळा येतो. दक्षिणेकडे मोकळं माळरान असेल तरच नाद करा. त्याचा रिपीटर नेहमी चालू नसतो, चालवणारे वेळापत्रक देतात. बंद असताना त्याच्यावर हाका मारत बसू नका.

पासची वेळ सांगणारं अ‍ॅप कुठलंही घ्या, लुक४सॅट मला सुटसुटीत वाटतं. पण त्यातली कक्षेची माहिती ताजी ठेवा. एसओ-५० ला आठवडाभर जुनी चालते, अवकाश स्थानकाला नाही, कारण त्याची कक्षा मधूनमधून इंजिन चालवून उचलतात आणि पास पुढेमागे होतो. मे महिन्यात दुपारच्या पासला फोनचा स्क्रीन उन्हात दिसतच नाही, म्हणून उगवायची, माथ्यावरची आणि मावळायची दिशा आधीच कागदावर लिहून घ्या. वळवाच्या दिवसांत विजा चमकायला लागल्या की यागी खाली. गच्चीजवळून ११ केव्हीची तार जात असेल तर त्या बाजूचे पास सोडून द्या. आणि रात्री कठड्याकडे पाठ करून मागे सरकू नका, लक्ष सगळं आकाशात असतं.

लॉग. पास चालू असताना लिहायला हात मोकळा नसतो, म्हणून फोनवर पूर्ण पासचं ध्वनिमुद्रण करा आणि खाली आल्यावर ऐकून लिहा. ते ऐकताना आणखी एक फायदा होतो: आपण कधी कोणाच्या अंगावर बोललो ते स्वच्छ कळतं. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. पहाटे साडेपाचच्या आधीचा पास असेल तर तारीखही आदल्या दिवसाची. एलओटीडब्ल्यूवर (हॅमच्या संपर्कांची खात्री करणारी ऑनलाइन नोंदवही) टाकताना उपग्रहाचं नाव आणि प्रसारणाचा प्रकार भरला नाही तर समोरच्याला तो संपर्क उपग्रहाचा म्हणून मिळतच नाही. तो बिचारा महिनोन्‌महिने तुमच्या दुरुस्तीची वाट बघतो.

शेवटी ग्रिड, कारण हाक मारताना तुम्हाला ते सांगावंच लागणार. अंबाजोगाई एमके८८. लातूर आणि धाराशिवही त्यातच. नांदेड, परभणी, हिंगोली एमके८९, संभाजीनगर आणि जालना एमके७९, बीड शहर एमके७८. कडेची गावं बाहेर पडतात: सिल्लोड आणि कन्नड एमएल७० मध्ये, किनवट एमके९९ मध्ये, उमरगा एमके८७ मध्ये. एमके७८, ७९, ८८ आणि ८९ या चारांचा कोपरा ७६ अंश पूर्व आणि १९ अंश उत्तर या बिंदूवर जुळतो, तो बीड आणि माजलगावच्या दरम्यान पडतो. तिथे उभं राहून चारही ग्रिड एकदम देता येतात, आणि बाहेरच्यांना त्याचं फार अप्रूप असतं. जायचं ठरवलंत तर दिवस, पास आणि उपग्रह दोन दिवस आधी कळवा, जीपीएसवर तो बिंदू दाखवणारा फोटो काढून ठेवा, आणि जाण्याआधी त्या दोन हँडींवर स्वतःचा आवाज वरून ऐकून घ्या.